डॉक्टर, आईचं जरा ऐकाल?

२०१९ सालच्या श्रावणातली गोष्ट. सलग पंधरा दिवस मी पहाटे उठून ओली गोधडी गच्चीवर नेत होते. बाहेर पावसाची रिपरिप, गोधड्या वाळायचं नाव नाही, घरभर कुबट वास. आमची चिऊ तेव्हा साडेचार वर्षांची. (तिचं खरं नाव लिहीत नाही. आता ती मोठी झालीय, तिला आवडणार नाही.) अंथरुण ओलं करायची सवय मोडून तिला चांगलं दीड वर्ष झालं होतं. आणि आता अचानक रोज! सासूबाई म्हणाल्या, “संध्याकाळनंतर पाणीच देऊ नकोस तिला.” जाऊबाई म्हणाल्या, “लाडावलीय, दुसरं काही नाही.” आणि मी काय केलं? एका पहाटे, तिसरी गोधडीही ओली झाली तेव्हा, वैतागून तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ती रडलीसुद्धा नाही. “आई, पाणी दे ना,” एवढंच म्हणाली.

मैत्रिणींनो, तो धपाटा मी अजून विसरलेले नाही. आजचा लेख त्याच्यासाठीच आहे असं समजा.

त्या पंधरा दिवसांत मी काय काय पाहिलं ते सांगते. बालवाडीत नेलेली पाण्याची बाटली मधल्या सुट्टीच्या आधीच संपायची. रात्री उठून ती स्वतः माठापाशी जायची, दोन्ही हातांनी तांब्या धरून घटाघटा प्यायची. पायातले पैंजण, जे दिवाळीला घट्ट होतात की काय म्हणून मी काळजीत होते, ते टाचेवरून घसरायला लागले. जेवण मात्र भरपूर. वरणभाताचं ताट संपवून पुन्हा भूक. बाई म्हणाल्या, “हल्ली वर्गात पेंगते हो.” आणि एक गंमत, तेव्हा गंमतच वाटली होती. ती जिथे लघवीला बसायची त्या मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची ही मोठी रांग लागायची. मी काय केलं? मुंग्या मारायचा खडू आणला आणि मोरीभोवती रेघ ओढली!

आज हे सगळं एका खाली एक लिहिलं की कुणीही म्हणेल, अगं, हे तर स्पष्टच होतं. पण तेव्हा ते एका खाली एक कुणी लिहिलंच नाही. मी नाही, आणि ज्यांच्याकडे गेले त्यांनीही नाही.

पहिल्यांदा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते माझ्या सासऱ्यांपासून सगळ्यांना ओळखतात. म्हणाले, “लघवीचं इन्फेक्शन दिसतंय.” पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. लघवी तपासायला सांगितली नाही. चार दिवसांनी फरक नाही म्हणून पुन्हा गेले. तेव्हा म्हणाले, “खाते आणि अंगाला लागत नाही ना? जंत असणार.” जंताचं औषध झालं. मग गावातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे बाहेर चाळीस-पन्नास जणांची रांग, सगळी पोरं तापानं फणफणलेली. दोन मिनिटं मिळाली. “व्हायरल आहे, सध्या सगळीकडे आहे. अशक्तपणा आलाय. टॉनिक देतो. ग्लुकोजचं पाणी पाजा, फळांचा रस द्या.” मी म्हटलं, “डॉक्टर, ताप नाहीये तिला. पण ती पाणी फार पिते आणि...” त्यांनी कागदावरून मानही वर केली नाही. “पाणी पिणं चांगलंच असतं हो ताई. तुम्ही जरा जास्तच काळजी करता.”

घरी येताना आमचे हे म्हणाले, “डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?” मी गप्प बसले. आणि घरी येऊन मुकाट्यानं ग्लुकोजची पावडर कालवली. दिवसातून चार चार वेळा, लेकीला स्वतःच्या हातानं साखर पाजली मी.

पंधराव्या दिवशी दुपारपासून उलट्या सुरू झाल्या. पोटात दुखतंय म्हणून गुडघे छातीशी घेऊन पडून राहिली. संध्याकाळी श्वास बदलला. खोल खोल, जोरजोरात, जिना चढून आल्यासारखा. ॲडमिट केलं. “बालदमा असावा, न्यूमोनियाही असू शकतो,” असं म्हणून वाफ दिली. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. सलाईन लावलं. त्या बाटलीवर ‘डी-फाइव्ह’ असं काहीसं लिहिलं होतं. म्हणजे साखरेचं सलाईन, हे मला फार नंतर कळलं. रात्री दहानंतर चिऊ हाकेला ओ देईना. डोळे अर्धवट उघडे. तेव्हा कुठे “सोलापूरला हलवा” म्हणाले.

शेजारच्यांच्या गाडीनं आम्ही रात्री अडीचला सोलापूरच्या एका दवाखान्यात पोचलो. डॉक्टर अजून यायचे होते. दारात एक सिस्टर होत्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांनी चिऊला माझ्या कडेवरून घेतलं, तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि थबकल्या. मग मला विचारलं, “लघवीला किती वेळा जाते?”

पंधरा दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी धडाधड सगळं बोलत सुटले. पाणी, गोधड्या, पैंजण, मुंग्या. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी चिऊचं बोट टोचलं होतं. इवलंसं मशीन. त्यावर आकडाच आला नाही. इंग्रजीत ‘हाय’ अशी दोन अक्षरं आली. म्हणजे साखर इतकी, की मशीनला मोजता येईना.

मधुमेह. साडेचार वर्षांच्या पोरीला!

तुमच्यापैकी अनेकींना वाटेल तसंच मलाही वाटलं, की हा तर आजोबांचा आजार. पोट सुटलेल्या, गोड खाणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसांचा. पण लहान मुलांना होतो तो बहुतेक वेळा वेगळाच असतो. त्याला टाइप वन म्हणतात. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, तो इन्शुलिन तयार करतो. इन्शुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींच्या आत जाऊ देणारी किल्ली. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा चुकून इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. मूल खातं, पण खाल्लेलं पेशींना मिळतच नाही. साखर रक्तात साठते, मूत्रपिंडं ती लघवीवाटे बाहेर टाकतात, तिच्याबरोबर पाणीही जातं. म्हणून सारखी लघवी. पाणी गेलं म्हणून तहान. अन्न लागत नाही म्हणून भूक, आणि तरी वजन घटतं. मुंग्या का लागायच्या, ते आता वेगळं सांगायला नको. मधुमेह या नावातच मध आहे! आपल्या जुन्या वैद्यांनी गोड लघवीवरूनच हा आजार ओळखला होता. माझ्या मोरीत तीच खूण होती आणि मी ती खडूनं पुसत होते.

पुढचं जास्त भयंकर असतं. साखर वापरता येईना म्हटल्यावर शरीर चरबी जाळायला घेतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्त आंबट होत जातं. मग उलट्या होतात, पोट दुखतं. ते आम्ल बाहेर टाकायला मूल खोल आणि भराभर श्वास घेतं. श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतो. सिस्टरांना आला तो हाच. या अवस्थेतलं मूल पाहणाऱ्याला उलट्यांमुळे गॅस्ट्रो वाटतो, पोटदुखीमुळे अपेंडिक्स वाटतं, श्वासामुळे दमा किंवा न्यूमोनिया वाटतो. आणि खरा आजार मागे लपून राहतो. वेळेत इन्शुलिन मिळालं नाही तर मूल बेशुद्ध होतं आणि जातं. हो, जातं. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला इन्शुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला टोचलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं फार दिवस जगतच नसत. आज औषध आहे. पण औषध असून, निव्वळ निदान चुकल्यामुळे मूल दगावलं, तर त्याला काय म्हणायचं?

चिऊ वाचली. तीन दिवस आयसीयूत होती. दर तासाला बोट टोचायचं, इन्शुलिन थेंबाथेंबानं, सलाईन मोजूनमापून. कारण घाईनं सगळं दुरुस्त करायला गेलं तर मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून “माझे पैंजण कुठायत?” विचारलं आणि मी आयसीयूच्या दाराबाहेर जाऊन मोठ्यानं रडले.

आता मुद्द्याचं बोलते. माझा राग कशावर आहे?

डॉक्टर चुकले यावर नाही. खरंच नाही. चुका माणसाच्या हातून होतात. पावसाळ्यात शंभरातल्या नव्वद पोरांना खरोखरच व्हायरल असतं. हा आजार त्या मानानं कमी दिसतो, एखाद्या गावातल्या डॉक्टरला तो वर्षानुवर्षं भेटतही नाही. रात्री-अपरात्री दार उघडणारे, उधारीवर औषध देणारे डॉक्टर आपल्याच गावांत आहेत, हे मी विसरलेले नाही. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांची तर मला चीड येते. तोडफोड करून कुणाचंही मूल बरं झालेलं नाही.

माझा राग आहे न ऐकण्यावर. “तुम्ही जरा जास्तच काळजी करता” या एका वाक्यावर. आई काळजी करते म्हणजे काय करते हो? ती दिवसरात्र त्या लेकराकडे पाहत असते. किती प्यायलं, किती झोपलं, शी कशी झाली, अंग कसं लागतं, हे सगळं तिला मोजपट्टी न लावता कळत असतं. डॉक्टरांना दोन मिनिटं दिसतं ते मूल आईला चोवीस तास दिसत असतं. तिची ती माहिती म्हणजे बायकी कटकट नव्हे. अर्धं निदान त्यातच असतं. मी सांगत होते, ताप नाही, पाणी फार पिते. या दोन वाक्यांनंतर एक प्रश्न विचारला असता आणि एक थेंब रक्त तपासलं असतं, तर निदान चार दिवस आधी झालं असतं. ते चार दिवस आम्हाला आयसीयूत मोजावे लागले.

आणि मला माहीत आहे, माझ्या जागी लुगडं नेसलेली, लिहिता-वाचता न येणारी एखादी शेतमजूर बाई असती तर तिला ती दोन वाक्यंही बोलू दिली नसती.

यात घरचेही सुटत नाहीत. “डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?” हे घराघरांत बोललं जातं. गोधडी कोण धुतं? पोराला रात्री तीनदा कोण उठवतं? मग पोरात काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा तिलाच कळणार ना? आणि आपणही सुटत नाही. मी गप्प बसले होते, ही माझी चूक मी कबूल करते.

चार-पाच महिन्यांनी फाइल घेऊन मी दोन्ही डॉक्टरांकडे गेले. भांडायला नाही, सांगायला. आमचे नेहमीचे डॉक्टर बराच वेळ फाइल चाळत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, लघवी तपासायला हवी होती. चुकलं माझं.” पुढच्या खेपेला त्यांच्या टेबलावर साखर मोजायचं मशीन दिसलं. आता कुठलंही सुकलेलं, पेंगुळलेलं पोर आलं की ते बोट टोचतात. दुसरे डॉक्टर म्हणाले, “होतं असं कधी कधी. आता बरी आहे ना?” आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. दोन्ही प्रसंग जसे झाले तसे सांगितले. चूक कबूल करणाऱ्या माणसाबद्दलचा माझा आदर वाढला, कमी झाला नाही, एवढं मात्र सांगते.

आता यातून आपण काय घ्यायचं?

चार गोष्टी लक्षात ठेवा. सारखी लघवी, सारखी तहान, वजन घटणं आणि थकवा. अंथरुण ओलं करायचं बंद झालेलं मूल पुन्हा करायला लागलं तर रागावू नका, आधी तपासा. तान्ह्या बाळाचं लंगोट नेहमीपेक्षा जड आणि चिकट लागलं तरी तपासा. आणि एक साधी खूण मला सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितली, ती प्रत्येकीनं पाठ करावी. उलट्या-जुलाबानं सुकलेलं मूल लघवीला कमी जातं. पण जे मूल सुकलंय, डोळे खोल गेलेत, ओठ कोरडे पडलेत आणि तरीही भरपूर लघवी करतंय, त्याची साखर त्याच मिनिटाला बघायला हवी. उद्या नाही, उपाशीपोटी सकाळी नाही, आत्ताच. उपाशीपोटीची तपासणी मोठ्यांसाठी ठीक आहे. लहान मुलात ही लक्षणं असतील तर एका रात्रीची वाट पाहणंही महागात पडू शकतं. लक्षणं आहेत आणि कुठल्याही वेळी तपासलेली साखर २०० किंवा त्याहून जास्त आहे, तर सरळ मोठ्या दवाखान्याचा रस्ता धरायचा.

ही तपासणी बोटाच्या एका थेंबाची. पट्टी एखाद्या वडापावच्या किमतीत येते. मशीन हल्ली कितीतरी घरांत आजी-आजोबांसाठी असतंच. आमच्याही घरात होतं! सासऱ्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर. पंधरा दिवस ते तिथे होतं आणि मी चार पावलांवर गोधड्या धूत होते.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या. कधीपासून, किती वेळा, काय बदललं. तोंडी बोलताना आपण गडबडतो, समोर रांग असते, दडपण येतं. लिहिलेलं असलं की ते वाचलं जातं. आणि स्पष्ट विचारा, “डॉक्टर, एकदा साखर तपासून बघायची का?” हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. दोनदा औषध देऊनही फरक नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्यांचा अपमान नव्हे. आणि कागद सांभाळा. ॲडमिट केलेल्या पेशंटच्या उपचारांचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, असं डॉक्टरांच्या व्यवसायाबद्दलच्या २००२ च्या नियमांतच लिहिलेलं आहे. पुढच्या डॉक्टरांना त्या कागदांचा किती उपयोग होतो, हे मी अनुभवलंय.

पण सगळं आईवर टाकून चालणार नाही. टाइप वन असलेली २० वर्षांखालची सर्वात जास्त मुलं आपल्या देशात आहेत, दोन लाखांहून जास्त, असा मधुमेहाच्या जागतिक महासंघाचा २०२१ चा अंदाज आहे. म्हणजे हा काही श्रीमंत देशांतला, आपल्याला न शिवणारा आजार नाही. २०२२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, यावर उपचारांची स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. पुस्तिका आली, पण आमच्या तालुक्याच्या दवाखान्याच्या भिंतीपर्यंत त्यातली एक ओळ तरी कधी पोचणार?

इटलीत पार्मा नावाचा एक जिल्हा आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९९१ पासून एक अगदी साधी गोष्ट केली. शाळांमध्ये आणि मुलांच्या दवाखान्यांमध्ये चित्रांचे फलक लावले. मूल फार पाणी पितंय का, फार लघवी करतंय का, कोरडं झोपणारं पुन्हा अंथरुण ओलं करतंय का, एवढंच त्यावर. त्याआधी तिथे मधुमेहाचं निदान होणाऱ्या १०० मुलांपैकी ७८ मुलं रक्त आंबट होण्याच्या त्या गंभीर अवस्थेत पोचलेली असायची. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण साडेबारा टक्क्यांवर आलं. एका फलकानं! नवं औषध नाही, नवं यंत्र नाही.

आपल्याकडे हे का होऊ नये? गावोगावच्या उपकेंद्रांत, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, साखर तपासायची सोय आहे. तिथली तपासणी मोहीम तिशीच्या पुढच्यांसाठी असते. चांगलंच आहे. पण मशीनला वय कळत नाही. तोच थेंब चार वर्षांच्या पोरीचाही तपासता येतो. अंगणवाडीत मुलांची वजनं घेतली जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत येतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरला सुरू झाला. वजन घटलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला “पाणी किती पितं? लघवीला किती वेळा जातं?” एवढं विचारायला किती वेळ लागतो? अंगणवाडी ताई आणि आशा ताईंना हे दोन प्रश्न शिकवा. भिंतीवर एक चित्र लावा. १४ नोव्हेंबरला आपण बालदिन साजरा करतो. तोच दिवस जागतिक मधुमेह दिनही असतो. त्या दिवशी शाळेत फुगे लावताना एक फलकही लागू दे.

शेवटचं, आणि हे जरा जवळचं. चिऊ घरी आली तेव्हा भेटायला येणाऱ्या बायकांनी काय विचारलं असेल? “गोड फार द्यायचीस का गं?” “दिवस असताना काय खाल्लं होतंस?” मैत्रिणींनो, हा आजार गोड खाण्यानं होत नाही. आईच्या डोहाळ्यांनी होत नाही. कुणाच्या दृष्टीनं तर नाहीच. कुणी असंही सुचवलं, “मुलीची जात आहे, बाहेर बोलू नकोस, पुढे लग्नाला अडेल.” कुणी कुठल्या बाबाच्या काढ्याचा पत्ता दिला, इन्शुलिन बंद होईल म्हणे. मी हात जोडून सांगते, टाइप वनच्या मुलाचं इन्शुलिन एक दिवसही बंद करायचं नसतं. आणि लपवायचं तर अजिबातच नसतं. लपवलं तर शाळेत चक्कर आली तेव्हा बाईंना काय करायचं ते कळणार कसं? आम्ही लपवलं नाही. तिच्या वर्गातल्या पोरांनाही ठाऊक आहे, की चिऊचे हात थरथरायला लागले आणि घाम फुटला की तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यातली साखर तिला लगेच द्यायची आणि बाईंना बोलवायचं.

आता ती स्वतःचं बोट स्वतः टोचून घेते, वहीत आकडा लिहिते आणि खेळायला पळते. रोजची टोचणी आहे, खर्च आहे, काळजी आहे. पण ती आहे, आणि मला एवढं पुरे आहे.

सासऱ्यांचं ते मशीन आता वरच्या फळीवर नसतं, स्वयंपाकघरात डब्यांच्या शेजारी असतं. गेल्या वर्षी वाड्यातली एक पोरसवदा आई ओली गोधडी घेऊन दारात उभी होती. “काकू, हा बघा ना, चार दिवस झाले, मुद्दाम करतो जणू.” मी तिला आत घेतलं, पोराला मांडीवर बसवलं आणि त्याचं बोट टोचलं. साखर ११२. नुसतीच थंडी होती बिचाऱ्याला! आम्ही दोघी हसलो. मग तिला चहा करून दिला आणि म्हटलं, “हसू येतंय ना? येऊ दे. पण विचारायला आलीस ते बरं केलंस.”

तुम्हीही विचारत जा. घरात विचारा, दवाखान्यात विचारा, एकदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा विचारा. आणि डॉक्टर, तुम्हालाही एक विनंती. पुढच्या वेळी एखादी आई “काहीतरी बिघडलंय हो” म्हणाली, तर कागदावरून मान वर करून तिला एवढंच विचारा, “काय काय बदललं, सांगा बरं.”